जिगसॉ म्हणजे काय? अर्थ, उगम, उपयोग आणि पोस्ट टाकण्याआधी लक्षात ठेवायची एक गोष्ट

‘जिगसॉ’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. खेळण्यांच्या दुकानात तो चित्राचे तुकडे जोडण्याच्या खेळासाठी वापरतात. घरात फर्निचरचे काम चालू असताना सुतार ‘जिगसॉ मशीन आण’ म्हणतो, तेव्हा त्याला विजेवर चालणारी करवत हवी असते. भयपट पाहणाऱ्यांना जिगसॉ म्हटले की ‘सॉ’ मालिकेतला खलनायक आठवतो. शिक्षकांना ती शिकवण्याची एक पद्धत म्हणून माहीत असते. कायद्याच्या भाषेत ‘जिगसॉ ओळख’ नावाची एक संकल्पनाही आहे आणि मोबाइलवरून पोस्ट टाकणाऱ्या, फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाशी तिचा थेट संबंध येतो.

एका करवतीच्या नावाला इतके अर्थ कसे चिकटले आणि त्यातला कोणता अर्थ आज आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी आहे, ते या लेखात पाहू.

## जिगसॉचे मुख्य अर्थ थोडक्यात

- अवजार: बारीक पाते भराभर वरखाली करून लाकडात वळणदार काप घेणारी करवत.
- खेळ: चित्राचे वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे जुळवून पूर्ण चित्र तयार करण्याचे कोडे, म्हणजेच जिगसॉ पझल.
- लाक्षणिक अर्थ: सुट्या सुट्या माहितीतून उलगडत जाणारी गुंतागुंतीची गोष्ट.
- क्रियापद: इंग्रजीत वळणदार कापणे किंवा तुकडे एकमेकांत अडकतील असे बसवणे, या अर्थानेही हा शब्द वापरतात.
- विशेष नाव: चित्रपटातले पात्र, संगणकातले प्रकल्प, शिक्षणपद्धत इत्यादी.

## हा शब्द आला कुठून?

जिगसॉ हा ‘जिग’ आणि ‘सॉ’ या दोन इंग्रजी शब्दांचा जोड आहे. ‘सॉ’ म्हणजे करवत. ‘जिग’ हे मुळात उड्या मारत, जलद पावले टाकत करायच्या एका नाचाचे नाव. आयर्लंडच्या लोकनृत्यात तो आजही नाचला जातो. या नाचावरून भराभर वरखाली हलण्याच्या क्रियेलाही ‘जिग’ म्हणू लागले. म्हणून जिगसॉ म्हणजे नाचल्यासारखी वरखाली होणारी करवत. एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला.

आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनी ‘जिग आणि फिक्स्चर’ हा विषय शिकलेला असतो. तिथला जिग म्हणजे ड्रिलसारख्या हत्याराला नेमकी जागा दाखवणारा साचा. जिगसॉ या नावाचा त्या साच्याशी संबंध नाही.

## जिगसॉ मशीन: सुताराच्या हातातली नाचरी करवत

साधी करवत सरळ रेषेत उत्तम चालते, पण तिचे पाते रुंद असल्यामुळे तिला वळता येत नाही. गोल भोक, कमान किंवा नक्षी कापायची असेल तर पाते अरुंद हवे. पूर्वी यासाठी धनुष्यासारख्या चौकटीत ताणून बसवलेले बारीक पाते वापरत. पुढे हेच काम पायाने दाबून चालवायच्या यंत्रांवर होऊ लागले.

आज हातात धरून वापरतात त्या विजेच्या जिगसॉचा जन्म १९४६ सालचा. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला या कंपनीतले अभियंता आल्बर्ट काउफमान यांनी शिवणयंत्रातल्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले. सुई जशी वरखाली होते तसेच पातेही होऊ लागले आणि लाकूड कापले गेले. पुढच्याच वर्षी ‘लेस्टो’ या नावाने हे यंत्र बाजारात आले.

हे मशीन वापरताना काही गोष्टी माहीत असाव्या लागतात:

- दातांची दिशा: नेहमीच्या पात्याचे दात वरच्या बाजूला वळलेले असतात. पाते वर येताना कापते, त्यामुळे वरच्या बाजूला ढलप्या निघतात. म्हणून सनमायका लावलेला प्लाय कापताना चांगली बाजू खाली ठेवतात. उलट्या दातांची पातीही मिळतात. ती वापरली तर चांगली बाजू वर ठेवावी लागते.
- मधले भोक: किचन ओट्याच्या लाकडी फळीत सिंकसाठी किंवा पॅनेलमध्ये स्विचबोर्डसाठी मधोमध जागा कापायची असेल, तर आधी ड्रिलने भोक पाडून त्यात पाते घालतात.
- पात्याची निवड: लाकडासाठी मोठे आणि विरळ दात, पत्र्यासाठी बारीक आणि दाट दात.
- सुरक्षितता: डोळ्यांवर चष्मा हवा, कापायची फळी घट्ट बांधलेली हवी आणि पाते बदलताना प्लग काढलेला हवा. कापत असताना फळीखाली हात घालू नये, कारण पाते खालून बाहेर आलेले असते.

## जिगसॉ पझल: नकाशापासून खेळापर्यंत

जिगसॉ पझलचा जन्म खेळ म्हणून नव्हे, भूगोल शिकवायचे साधन म्हणून झाला. १७६० च्या दशकात लंडनमधले नकाशाकार आणि खोदकाम कारागीर जॉन स्पिल्सबरी यांनी छापील नकाशे पातळ लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून कापले. मुलांनी एकेक देश उचलून जागेवर बसवायचा, म्हणजे भूगोल पाठ होतो, अशी ही कल्पना होती. त्यांच्या मालाला ‘कापलेले नकाशे’ अशा अर्थाचे नाव होते. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांना शिकवणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनीही असे नकाशे वापरले होते.

गंमत अशी, की हे नकाशे कापले गेले तेव्हा जिगसॉ हा शब्दच नव्हता. ‘जिगसॉ पझल’ हे नाव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाले, म्हणजे खेळ सुरू होऊन जवळजवळ दीडशे वर्षांनी. आज दुकानात मिळणारे पुठ्ठ्याचे पझल तर करवतीने कापलेलेच नसते. चित्र चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर धारदार पोलादी पट्ट्यांचा साचा दाबला, की सगळे तुकडे एकदम सुटे होतात. करवत गेली, तिचे नाव मात्र खेळाला कायमचे राहिले.

अमेरिकेत १९०८ च्या सुमारास मोठ्या माणसांमध्ये या खेळाचे वेड पसरले. तेव्हा एकेक तुकडा हाताने कापावा लागे. ५०० तुकड्यांच्या लाकडी पझलला सुमारे ५ डॉलर पडत, तर तिथल्या सामान्य कामगाराची महिन्याची कमाई ५० डॉलरच्या आसपास होती. म्हणजे हा खेळ श्रीमंतांचाच होता. १९०९ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने आपला सगळा कारखाना पझल बनवण्याच्या कामाला लावला. त्यांचे तुकडे एकमेकांत अडकणारे होते. त्याआधीच्या पझलमधले बरेचसे तुकडे नुसते शेजारी शेजारी ठेवलेले असत, त्यामुळे टेबलाला धक्का लागला तरी सगळी मेहनत वाया जाई.

जागतिक मंदीच्या काळात साच्याने कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त पझल आली आणि चित्र पालटले. हातात पैसा नव्हता, पण रिकामा वेळ भरपूर होता. १९३३ च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला सुमारे १ कोटी पझल विकली जात होती. वाचनालयातून पुस्तक आणावे तशी पझल भाड्यानेही मिळत. काम सुटलेले काही कारागीर घरीच पझल कापून विकत किंवा भाड्याने देत.

आता या खेळाची जागतिक स्पर्धाही भरते. पहिली स्पर्धा २०१९ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात झाली.

## १००० तुकडे म्हणजे नेमके किती?

पेटीवर १००० लिहिलेले असले तरी आतले तुकडे मोजले तर अनेकदा १०२६ भरतात. कारण चित्र आडव्या-उभ्या रांगांत कापतात आणि चित्राच्या आकाराला ३८ गुणिले २७ ही मांडणी चांगली बसते. तसेच ५०० च्या पेटीत अनेकदा २७ गुणिले १९, म्हणजे ५१३ तुकडे असतात.

१०२६ तुकड्यांच्या अशा पझलमध्ये कोपऱ्याचे ४ आणि एकूण कडेचे १२६ तुकडे असतात. कडेच्या तुकड्याची एक बाजू सरळ असल्यामुळे तो लगेच ओळखता येतो. म्हणून जाणकार आधी चौकट पूर्ण करतात. मग रंगानुसार ढीग लावतात. सर्वांत शेवटी एकाच रंगाचे आकाश किंवा पाणी भरतात, कारण तिथे चित्राची मदत मिळत नाही आणि फक्त आकार पाहून तुकडा शोधावा लागतो.

## लाक्षणिक अर्थ: सुटे तुकडे, पूर्ण चित्र

खेळ घराघरांत पोचल्यावर त्याचे नाव उपमा म्हणून वापरले जाऊ लागले. पोलीस तपास, आघाड्यांचे जागावाटप, इतिहास संशोधन किंवा आजाराचे निदान अशा विषयांत हा शब्द सहज येतो. काही वाक्ये पाहा:

- मोबाइलचे लोकेशन मिळाले आणि तपासाच्या जिगसॉमधला हरवलेला तुकडा सापडला.
- तीन पक्षांचे जागावाटप म्हणजे एक जिगसॉच झाले आहे.
- उत्खननात सापडलेल्या खापरांचे जिगसॉ जुळवून मूळ रांजणाचा आकार काढला.

या सगळ्यात एक समान सूत्र आहे. एकटा तुकडा काहीच सांगत नाही. दुसऱ्या तुकड्याशेजारी ठेवला की तो बोलू लागतो.

## तुकडा बसला म्हणजे तो बरोबरच असतो का?

इथे एक धोका आहे. कारखान्यात एकच साचा वेगवेगळ्या चित्रांसाठी वापरला जातो. अशा दोन पझलचे तुकडे एकत्र मिसळले, तर एका चित्राचा तुकडा दुसऱ्या चित्रात अगदी घट्ट बसतो. आकार जुळतो, पण चित्र चुकते. म्हणजे तुकडा खाचेत बसला एवढ्यावरून तो तिथलाच आहे, असे म्हणता येत नाही.

विज्ञानात याचे मोठे उदाहरण आहे. जगाचा नकाशा पाहिला तर दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतील असे दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात हा सिद्धांत मांडला, तेव्हा ते नुसत्या किनाऱ्यांच्या आकारावर थांबले नाहीत. फाटलेल्या वर्तमानपत्राची उपमा देऊन त्यांनी सांगितले, की आधी कडा जुळवायच्या आणि मग छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट पुढे जातात का, ते पाहायचे. त्यांच्या दृष्टीने या ओळी म्हणजे दोन्ही खंडांतले सारखे खडक आणि सारखे जीवाश्म.

ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका या सगळीकडे सापडतात. विदर्भातल्या गोंडवाना काळातल्या खडकांतही ते मिळतात. हे भूभाग एकेकाळी एकत्र होते आणि त्या महाखंडाला दिलेले ‘गोंडवाना’ हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आले आहे. एवढे असूनही वेगेनर यांचा सिद्धांत लगेच मान्य झाला नाही, कारण खंड कशामुळे सरकतात याचे पटणारे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. १९६० च्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास झाला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांनी ही कल्पना स्वीकारली.

सोशल मीडियावर याच्या उलट घडते. एक जुना फोटो, एक कापलेला व्हिडिओ आणि एका आडनावाचा योगायोग शेजारी ठेवतात आणि ‘बघा, सगळे जुळते आहे’ म्हणून निकाल देतात. मराठीत याला सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात. ओढूनताणून जोडलेल्या अशा नात्यासाठी ‘बादरायण संबंध’ हा शब्दही आपल्याकडे आहेच.

## जिगसॉ वर्ग: प्रत्येकाच्या हातात एक तुकडा

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एकत्र बसवले गेले. वर्गांत तणाव होता, भांडणे होत होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांना मदतीसाठी बोलावले गेले. वर्गातली चढाओढ हा तणाव वाढवते, असे त्यांना दिसले. हात वर करणारा एक जिंकतो, बाकीचे हरतात. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वर्गांसाठी जिगसॉ पद्धत तयार केली. ती अशी चालते:

1. वर्गाचे पाच-सहा मुलांचे मिश्र गट करायचे.
2. धड्याचे तितकेच भाग करून प्रत्येक मुलाला एक भाग द्यायचा. समजा विषय ‘दुष्काळ’ असेल, तर एकाला पाऊस, दुसऱ्याला माती, तिसऱ्याला पिके, चौथ्याला पाणीवाटप आणि पाचव्याला स्थलांतर.
3. सर्व गटांतल्या ‘पाऊस’वाल्या मुलांनी एकत्र बसून आपला भाग पक्का करायचा. बाकीच्यांनीही तसेच करायचे.
4. मग प्रत्येकाने आपल्या मूळ गटात परत जाऊन इतरांना आपला भाग शिकवायचा.
5. शेवटी परीक्षा संपूर्ण धड्यावर घ्यायची.

इथे अडखळत बोलणाऱ्या मुलाची टिंगल करून कोणाचाच फायदा होत नाही, कारण त्याच्याकडचा तुकडा दुसऱ्या कोणाकडे नसतो. त्याला धीर देऊन बोलते करावेच लागते. सहकारी अध्ययनाच्या पद्धतींमध्ये जिगसॉचे नाव आज जगभर घेतले जाते.

## एक तुकडा, एक चिन्ह आणि एक वाद

एप्रिल महिन्यात स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी, अनेक पोस्ट फिरतात, कारण २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन असतो. त्या पोस्टवर अनेकदा जिगसॉचा तुकडा दिसतो. हे चिन्ह १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या पालकांच्या एका संस्थेने स्वीकारले. तीच संस्था पुढे नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी झाली. मूळ चिन्हात तुकड्याबरोबर रडणारे मूलही होते.

आज अनेक स्वमग्न व्यक्तींना हे चिन्ह नको आहे. ‘आम्ही कोडे नाही आणि आमच्यात कुठला तुकडा कमीही नाही’ असा त्यांच्या आक्षेपाचा आशय आहे. ब्रिटनच्या त्या संस्थेनेही ते चिन्ह सोडून दिले. त्याऐवजी इंद्रधनुष्यी रंगांचे अनंताचे चिन्ह, म्हणजे आडवा आठ, अनेक जण वापरतात. पोस्टसाठी चित्र निवडताना हे माहीत असलेले बरे.

## चित्रपट आणि संगणकातले जिगसॉ

सॉ मालिका: २००४ च्या ‘सॉ’ या चित्रपटातल्या जॉन क्रेमर या पात्राला जिगसॉ किलर म्हणतात. ही भूमिका टोबिन बेल यांनी केली. हे पात्र आपल्या बळींच्या कातडीतून जिगसॉच्या आकाराचा तुकडा कापून घेते, म्हणून हे नाव पडले. मीममध्ये दिसणारी पांढऱ्या चेहऱ्याची आणि गालावर लाल चक्रे असलेली बाहुली म्हणजे जिगसॉ नव्हे. तिचे नाव बिली. २०१७ मध्ये याच मालिकेत ‘जिगसॉ’ नावाचा चित्रपटही आला.

रॅन्समवेअर: २०१६ मध्ये याच बाहुलीचे चित्र दाखवणारा एक घातक प्रोग्राम पसरला. तो संगणकातल्या फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागे आणि उशीर होईल तशा फाइल्स पुसत जाई. त्यालाही जिगसॉ हेच नाव मिळाले.

जावा: जावा या प्रोग्रामिंग भाषेचे स्वतंत्र भाग पाडण्याच्या कामाचे नाव प्रोजेक्ट जिगसॉ होते. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ मध्ये ते पूर्ण झाले.

गूगल: ऑनलाइन धमक्या आणि विखारी भाषा यांवर काम करणाऱ्या गूगलच्या एका विभागाला २०१६ पासून जिगसॉ हे नाव आहे.

## जिगसॉ ओळख: नाव न घेता नाव फोडणे

आता सर्वांत महत्त्वाचा अर्थ. एका बातमीत व्यक्तीचे नाव नाही. दुसऱ्या पोस्टमध्येही नाही. तिसऱ्या कमेंटमध्येही नाही. पण तिन्ही एकत्र वाचल्या की ती व्यक्ती कोण, हे गावाला कळते. याला ‘जिगसॉ ओळख’ म्हणतात. ही संकल्पना ब्रिटनच्या पत्रकारितेत आणि न्यायालयांत रुळली.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका पोर्टलने लिहिले, ‘अमुक तालुक्यातल्या आठवीच्या मुलीवर अत्याचार.’ दुसऱ्याने आरोपीचे नाव दिले आणि तो मुलीचा काका असल्याचे सांगितले. तिसऱ्याने चेहरा धूसर करून घराचा फोटो टाकला. प्रत्येक जण म्हणेल, ‘आम्ही तर नाव दिलेच नाही.’ पण काकाचे नाव कळले की पुतणी कोण, हे शेजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच ब्रिटनच्या वर्तमानपत्रांच्या आचारसंहितेत मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी खास नियम आहे. आरोपी प्रौढाची ओळख देता येते, पण त्याचे आणि मुलाचे नाते सूचित होईल असे काहीही लिहायचे नाही. सर्वांनी नात्याचा तोच एक तुकडा लपवला, तर चित्र पूर्ण होत नाही.

हा प्रकार फक्त वर्तमानपत्रांपुरता नाही. २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयाने माजी राजनैतिक अधिकारी आणि ब्लॉगलेखक क्रेग मरे यांना ८ महिन्यांची कैद सुनावली. लैंगिक गुन्ह्यांच्या एका खटल्यातल्या तक्रारदार महिलांची ओळख त्यांच्या लेखांमधून जिगसॉ पद्धतीने उघड होऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. मरे यांनी हा आरोप नाकारला होता.

## भारतातला कायदा काय सांगतो?

- भारतीय न्याय संहिता, कलम ७२: बलात्कार आणि त्यासारख्या गुन्ह्यांत पीडित व्यक्तीचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध केला, तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २२८ अ मध्ये होती. पीडित व्यक्तीची लेखी परवानगी यांसारखे काही मोजके अपवाद कायद्यात आहेत.
- पॉक्सो कायदा २०१२, कलम २३: बालकाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर किंवा ओळख पटवणारा इतर कोणताही तपशील माध्यमांतून उघड करण्यास बंदी आहे.
- बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: पीडित किंवा साक्षीदार बालकाचीच नव्हे, तर गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचीही ओळख उघड करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले, की छापील, इलेक्ट्रॉनिक किंवा सोशल मीडियावर पीडितेचे नाव तर देऊ नयेच, पण दुरान्वयानेही तिची ओळख पटेल अशी वस्तुस्थितीही उघड करू नये. ‘दुरान्वयानेही’ म्हणजे नेमके जिगसॉ. ‘नाव घेत नाही, पण तुम्ही ओळखालच’ असे लिहिणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे. कायद्याच्या नजरेतून ते भांडे लपत नाही.

## माहितीच्या युगातले तुकडे

हीच गोष्ट आपल्या स्वतःच्या माहितीलाही लागू होते. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे काढून संशोधनासाठी खुल्या केल्या गेल्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्हींची तुलना केली. त्या राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांची जन्मतारीख असलेले फक्त सहा मतदार होते, त्यांत तीन पुरुष, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमध्ये त्यांतला एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद अशा रीतीने सापडली. नाव कुठेच लिहिलेले नव्हते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड हे तीन तुकडे पुरले.

आता वाढदिवसाची पोस्ट, सोसायटीच्या गेटचा फोटो, मुलाच्या शाळेचा गणवेश आणि ‘आठवडाभर कोकणात’ हे स्टेटस एकाच प्रोफाइलवर आहेत, असे समजा. प्रत्येक पोस्ट निरुपद्रवी आहे. चारही एकत्र ठेवल्या तर घर कुठे आहे, मूल कोणत्या शाळेत जाते आणि घराला कधी कुलूप असते, हे अनोळखी माणसालाही कळते.

## पोस्ट किंवा फॉरवर्ड करण्याआधी

- माझ्या पोस्टमध्ये नाव नसले तरी गाव, शाळा, नाते, नोकरी किंवा घराचा फोटो आहे का?
- हाच विषय इतरांनी मांडला आहे, त्यात माझा तपशील घातला तर व्यक्ती ओळखू येईल का?
- कमेंटमध्ये कोणी नाव लिहिले, तर ते काढून टाकायची माझी तयारी आहे का?
- मी जोडलेले दोन तुकडे खरोखर एकाच चित्राचे आहेत का, की केवळ खाचेत बसले आहेत?

‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. पझलमधला शेवटचा तुकडा ठेवणाऱ्याच्या हातूनच चित्र पूर्ण होते.

## मराठीत हा शब्द कसा वापरावा?

‘जिगसॉ’ असे लिहावे. ‘जिगसो’ हा उच्चार मूळ शब्दाला धरून नाही. खेळासाठी ‘जिगसॉ पझल’ किंवा ‘चित्रकोडे’ म्हणता येते. शब्दकोड्याशी गोंधळ होऊ नये म्हणून लहान मुलांसाठी ‘चित्राचे तुकडे जोडा’ असे सरळ लिहिलेले बरे. अवजारासाठी ‘जिगसॉ मशीन’ हेच दुकानात समजते. लाक्षणिक अर्थाने मात्र प्रत्येक वेळी हा शब्द लागतोच असे नाही. ‘धागेदोरे जुळले’, ‘सांधा जुळला’, ‘कोडे उलगडले’ हे मराठी शब्दप्रयोग तेच काम करतात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जिगसॉ पझलचा शोध कोणी लावला?
लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांना सहसा हे श्रेय दिले जाते. त्यांनी १७६० च्या दशकात कापलेले नकाशे विकायला सुरुवात केली.

जिगसॉ मशीन आणि गोल करवत यांत फरक काय?
गोल करवतीचे पाते चक्रासारखे फिरते आणि ती लांब, सरळ काप घेते. जिगसॉचे पाते वरखाली होते आणि ती वळणे कापते.

पीडित व्यक्तीचे नाव बदलून लिहिले तर चालते का?
नाव बदलणे पुरेसे नाही. इतर तपशिलांवरून ओळख पटत असेल, तर तेही कायद्याच्या कक्षेत येते.

जिगसॉ ओळख मुद्दामच केली जाते का?
नाही, ती नकळतही होते. तीन वेगवेगळ्या माणसांनी चांगल्या हेतूने दिलेले तीन तपशील मिळूनही ओळख फुटू शकते.